मधल्या पाच वर्षांचा हिशेब

जयपूरहून अजमेरकडे निघालेल्या हमरस्त्यावर सुमारे तीस किलोमीटर गेले की बगरू हे गाव लागते. कापडाची पारख असणाऱ्यांना हे नाव छपाईमुळे ठाऊक असते. छिपा समाजाची घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ठशांनी कापड छापीत आली आहेत. हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळसर केलेले कापड, त्यावर लोखंड आणि गूळ आंबवून सिद्ध केलेला काळा व तुरटीच्या साह्याने उठणारा तांबडा, ही येथील जुनी रंगसंगती. इतिहासाच्या मराठी वाचकाला मात्र बगरू आठवते ते निराळ्याच कारणाने. १७४८ च्या ऑगस्टात, भर पावसात, येथे मराठ्यांची लढाई झाली.

सवाई जयसिंग १७४३ साली वारल्यावर जयपूरच्या गादीसाठी ईश्वरीसिंग व माधोसिंग या दोघा भावांत तंटा लागला. मल्हारराव होळकरांनी माधोसिंगाचा पक्ष घेतला, तर भरतपूरचा सूरजमल जाट ईश्वरीसिंगाच्या बाजूने उभा राहिला. बगरूला काही दिवस झुंज झाली आणि अखेर ईश्वरीसिंगाला भावास काही परगणे देण्याचे व मराठ्यांस पैसा देण्याचे मान्य करावे लागले. तो पैसा वेळेवर फिटला नाही. १७५० च्या अखेरीस होळकरांची फौज वसुलीसाठी पुन्हा जयपुराकडे आली, तेव्हा ईश्वरीसिंगाने आत्महत्या केली.

या प्रकरणातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे. हिशेब मागण्याचे काम तेव्हाही चालूच होते. होळकरांनी तो राजाकडे मागितला. राजा तो आपल्या कारभाऱ्यांकडे मागणार, आणि कारभारी परगण्यापरगण्यांतील चौधऱ्यांकडे. मागणी वरून खाली उतरत होती. ज्याच्या पिकातून घोडी गेली आणि ज्याच्या घरातून अखेर खंडणीचा पैसा निघाला, त्या रयतेने वर तोंड करून कोणास काही विचारावे अशी जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. लोकशाहीने जो मूळचा फरक केला तो हा, की हिशेबाची दिशा तिने उलटी केली. आता रयतेने विचारावयाचे आणि सत्ताधाऱ्याने उत्तर द्यावयाचे. प्रश्न एवढाच राहतो की, विचारावयाचे कोठे, केव्हा आणि कोणाला?

आजच्या बगरूला प्रतिनिधींची वाण नाही. गावात नगरपालिका आहे, तेव्हा वॉर्डाचा नगरसेवक आहे. राज्याच्या विधानसभेत बगरूच्याच नावाचा मतदारसंघ आहे. तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभेसाठी हा भाग जयपूर मतदारसंघात मोडतो. विधानसभेचा तेथील अनुभव मोठा बोलका आहे. २००८ साली गंगादेवी निवडून आल्या. २०१३ साली मतदारांनी कैलाशचंद वर्मा यांना पाठविले. २०१८ साली पुन्हा गंगादेवी आणि २०२३ साली पुन्हा वर्मा. सबंध राजस्थानातही १९९८ पासून २०२३ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत सत्ताधारी पक्ष बदलत गेला आहे. मतदाराने आपले हत्यार गंजू दिलेले नाही, हे यावरून उघड होते. पण त्याच्या हाती ते एकच हत्यार आहे, आणि पाच वर्षांतून एकदाच ते त्याच्या हाती येते, हेही यावरून तितकेच उघड होते.

छिपा आपल्या ठशाला ठप्पा म्हणतो, आणि यंत्रे येण्यापूर्वी आपण मतपत्रिकेवर मारीत असू तोही ठप्पाच. पण छिप्याचा एक ठप्पा किंचित सरकला तर पुढचा उमटविताना त्याला कोपऱ्यावरची खूण पाहून हात सावरता येतो. मतदाराचा ठप्पा एकदा उमटला की हात सावरण्याची संधी पाच वर्षांनी. मधल्या काळात काय चालले आहे हे त्यास कळत नाही; कळले तरी करता येण्याजोगे थोडेच असते. आणि पाच वर्षांनी तो रागावून माणूस बदलतो, तेव्हाही नेमक्या कोणत्या कामाबद्दल आपण रागावलो आहोत हे त्याला पुष्कळदा सांगता येत नाही.

ते का सांगता येत नाही, हे समजण्यास बगरूचाच धंदा पाहावा. छपाईला आणि रंगाईला पाणी लागते, आणि वापरलेले रंगीत पाणी कोठे तरी सोडावे लागते. राजस्थानातील बहुतेक शहरांत नळाचे पाणी पुरविण्याचे काम राज्य सरकारच्या जलखात्याकडे आहे. गावातील गटारे नगरपालिकेची. सांडपाण्याने प्रदूषण होते की नाही हे पाहणे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. गावाजवळून जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे केंद्राचा. एका मोहल्ल्यातल्या एका हौदाच्या प्रश्नासाठी चार दरवाजे. आणि प्रत्येक दरवाजावरचा माणूस, खोटे न बोलता, पलीकडच्या दरवाजाकडे बोट दाखवू शकतो. जबाबदारी अशी वाटली गेली की कोणाच्याच वाट्याला येत नाही. लोकनियुक्तांच्या नीतिमत्तेविषयी आपण पुष्कळ बोलतो. या साध्या यांत्रिक दोषाकडे आपले लक्ष कमी जाते.

प्रतिनिधी सुधारण्याचे जे उपाय आपल्याकडे सुचविले गेले, त्यांतील एक मोठा वर्ग निवडणुकीपूर्वीच्या चाळणीचा आहे. माणूसच चांगला निवडावा, म्हणजे पुढची कटकट नको, असा हा विचार. त्यातील एक पाऊल निःसंशय हिताचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांमुळे उमेदवारास आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता व शिक्षण यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. येथे मतदारास माहिती मिळाली. निवड त्याच्याच हाती राहिली.

राजस्थानने दुसरे पाऊल टाकले ते मात्र घसरले. २०१४ च्या डिसेंबरात वटहुकूम काढून सरपंचपदासाठी आठवी आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्या सदस्यत्वासाठी दहावी उत्तीर्ण असण्याची अट घालण्यात आली. आदिवासी क्षेत्रातील सरपंचास पाचवीची सवलत होती. ज्या राज्यातील खेड्यांत प्रौढ स्त्रियांपैकी बहुसंख्यांना शाळेचे तोंडच पाहावयास मिळाले नव्हते, तेथे या अटीने अर्ध्या गावाला दारातच अडविले. हरियाणातील अशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली वैध ठरविले, तरी राजस्थानने २०१९ साली आपली अट स्वतःच काढून टाकली. वैध असणे आणि शहाणपणाचे असणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. निरक्षर सरपंच हिशेब देऊ शकणार नाही, ही समजूत मला तरी विपरीत वाटते. खोटा हिशेब लिहावयास साक्षरताच लागते. अंगठा उठविणाऱ्याला तो स्वतः लिहिता येत नाही.

दुसरा उपाय प्रतिनिधीस परत बोलावण्याचा. ही कल्पना आपल्या देशात जुनी आहे. हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या क्रांतिकारकांनी १९२५ साली प्रसृत केलेल्या जाहीरनाम्यात भावी प्रजासत्ताकातील मतदारांना हा अधिकार देऊ केला होता. पुढे १९७४ च्या बिहार आंदोलनात जयप्रकाश नारायण यांनी तो पुन्हा मागितला. परदेशात कॅलिफोर्नियाने १९११ साली आपल्या घटनेत तो घातला. तेथे ठराविक संख्येने मतदारांनी सह्या केल्या की मुदतीच्या मध्येच मतदान घ्यावे लागते. २००३ साली त्या राज्याच्या गव्हर्नरास असे पद सोडावे लागले, तर २०२१ साली दुसऱ्या गव्हर्नरास मतदारांनी राखले. ब्रिटनने २०१५ साली कायदा केला, पण बराच सावध. सभासदास तुरुंगवासाची शिक्षा झाली, सभागृहाने त्यास ठराविक दिवस निलंबित केले, किंवा भत्त्यांविषयी खोटी माहिती दिल्याबद्दल तो दोषी ठरला, तरच सह्यांची वही उघडते. आणि सहा आठवड्यांत दहा टक्के मतदारांनी सह्या केल्यास जागा रिकामी होते. केवळ मत पटले नाही म्हणून कोणास काढता येत नाही.

या सावधगिरीमागे एक जुना वाद आहे. एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते की, प्रतिनिधी हा त्यांचा निरोप्या नसून स्वतःच्या विवेकाने वागण्यास बांधलेला मनुष्य होय. विचार थोर आहे. सहा वर्षांनी ब्रिस्टलच्या निवडणुकीत पराभव समोर दिसू लागल्याने त्यास माघार घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. परंतु आपल्याकडे आज विवेकाचा हा युक्तिवाद वापरताना जपावे लागेल. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरास आळा घातला. त्याबरोबरच सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची जागाही धोक्यात आली. बर्कचा विवेक तेथेच संपला. प्रतिनिधी बांधला गेला, पण मतदाराशी बांधला गेला नाही, पक्षाशी बांधला गेला. आणि पक्षच फुटला तर? महाराष्ट्राने २०२२ व २०२३ साली दोन मोठ्या पक्षांतील फूट पाहिली. खरा पक्ष कोणता, अपात्र कोण, याचा निर्णय निवडणूक आयोग, विधानसभेचे अध्यक्ष व न्यायालये यांच्यापुढे चालला. ज्यांच्या मतांवर हे सारे उभे होते त्यांना आपले म्हणणे मांडावयास २०२४ च्या निवडणुकीपर्यंत थांबावे लागले.

परत बोलावण्याचा अधिकार आपल्याकडे विधानसभेपर्यंत पोचलाच नाही. तो काही राज्यांत नगरपालिकांपुरता आला. मध्य प्रदेशातील मतदान मोठे चित्रमय असे. मतपत्रिकेवर दोन चिन्हे: एक भरलेली खुर्ची, एक रिकामी खुर्ची. अध्यक्ष राहावा असे वाटणाऱ्याने भरलेल्या खुर्चीला मत द्यावयाचे, जावा असे वाटणाऱ्याने रिकाम्या. २००१ साली अनूपपूर येथील अध्यक्षा या रीतीने पदच्युत झाल्या, आणि छत्तीसगडात २००८ साली तीन गावांच्या अध्यक्षांस मतदारांनी खाली उतरविले. राजस्थाननेही आपल्या नगरपालिका कायद्यात अशी तरतूद केली व २०१२ साली बारां जिल्ह्यातील मांगरोळ येथे त्या राज्यातील असे पहिले मतदान झाले.

ऐकावयास हे फार आशादायक वाटते. पण कायद्याची घडण बारकाईने पाहिली म्हणजे एक वेगळीच गोष्ट दिसते. मतदारांनी खुर्चीचा निवाडा करावयाचा हे खरे. पण खुर्ची त्यांच्यापुढे आणावयाची ती नगरसेवकांनी. तीनचतुर्थांश नगरसेवक अध्यक्षाविरुद्ध एकत्र आले तरच प्रश्न लोकांपुढे येतो. सामान्य नागरिकांनी कितीही सह्या केल्या तरी त्यांस स्वतः हे दार उघडता येत नाही. अध्यक्ष व नगरसेवक यांचे एकमेकांशी जमलेले असेल, आणि दोघांचेही लोकांशी जमलेले नसेल, तर कायदा मुका. उलट अध्यक्ष कंत्राटांच्या बाबतीत ताठर असेल आणि म्हणूनच नगरसेवकांना नकोसा असेल, तर कायदा तत्काळ बोलू लागतो. राजस्थानात तर पुढे पायाच काढला गेला: २०१४ च्या निवडणुकांपासून अध्यक्ष पुन्हा नगरसेवकांतून निवडला जाऊ लागला, आणि ज्याला लोकांनी थेट निवडलेच नाही त्याला लोकांनी परत बोलावण्याचा प्रश्नही उरला नाही. महाराष्ट्रातील सरपंचाची थेट निवड अशीच २०१७ साली आली, २०२० साली गेली, २०२२ साली परत आली. या निवडीबरोबर आलेली एक तरतूद मात्र दखल घेण्याजोगी आहे: थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांनी तीनचतुर्थांश बहुमताने अविश्वास संमत केला, तरी ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्यास मान्यता दिल्याखेरीज सरपंच जात नाही. येथे निदान शेवटचा शब्द गावाचा आहे.

तरीही काढून टाकण्याचा अधिकार हा शेवटचा उपाय. वैद्याने शस्त्रक्रियेपूर्वी नाडी पाहावी लागते, तसे काढण्यापूर्वी कळावे लागते. आणि या कळण्याच्या बाबतीत राजस्थानने जे केले त्याला देशात तोड नाही. बगरूपासून त्याच अजमेरच्या वाटेने पुढे गेले की ब्यावर लागते, आणि त्यापलीकडे राजसमंद व पालीची डोंगराळ, कोरडी गावे. दुष्काळी कामांवर मजुरी करणे हे तेथील कित्येक कुटुंबांचे नित्याचे जीवन. अरुणा रॉय, निखिल डे व शंकर सिंह हे १९८७ साली देवडूंगरी या गावी झोपडीत राहावयास आले, आणि १ मे १९९० रोजी भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. मजुरांची तक्रार साधी होती: किमान वेतन कायद्याने ठरलेले आहे, हातात त्याहून कमी पडते. अधिकाऱ्यांचे उत्तर: तुम्ही काम कमी केले, आमच्या वहीत तसे आहे. मजूर म्हणाले: मग वही दाखवा. वही दाखविता येणार नाही, ती सरकारी गुपिताची आहे!

सारे आंदोलन या एका उत्तरातून जन्मले. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी भरली. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रयत्नपूर्वक मिळविलेली कागदपत्रे गावात उघड्यावर, तंबूखाली, मोठ्याने वाचावयाची. अमुक तारखेस अमुक कामावर इतके मजूर, ही त्यांची नावे, ही मजुरी, ही खडी, ही गाड्यांची भाडी. ज्याचे नाव वाचले तो समोरच बसलेला असे. तो उठून सांगे की, त्या दिवसांत मी गावातच नव्हतो. कोणी सांगे की, हे नाव ज्याचे, तो केव्हाच वारला. पूर्ण म्हणून नोंदलेली इमारत छपरावाचून उभी आहे हे सिद्ध करावयास तज्ज्ञ लागत नसे. मान वळवून पाहिले की पुरे. कागदोपत्री जे निर्दोष दिसे ते त्या कागदातील माणसांपुढे वाचताच कोसळे. बगरूचे छिपे दाबूची छपाई करतात तेव्हा कापडावर मातीचा लेप देऊन ते निळीत बुडवितात. लेपाखाली काय राखले गेले ते धुतल्यावाचून दिसत नाही. जनसुनावणी ही अशी धुलाई होती.

लेखापरीक्षा सरकार पूर्वीपासूनच करीत होते. मग या सभेत नवे काय होते? लेखापरीक्षक पावती आहे की नाही ते पाहतो. पावतीवरची खडी खरोखर पडली की नाही हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यालाच ठाऊक असते. सरकारी कागद आणि गावाची आठवण या दोहोंची गाठ घालून देणारी जागा तोवर नव्हती. ती येथे प्रथम निर्माण झाली. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे झाले. पुढच्या वर्षी जयपुरात त्रेपन्न दिवसांचे. हमारा पैसा, हमारा हिसाब, ही त्या लोकांची घोषणा. २००० साली राजस्थान विधानसभेने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने आधीचा दुबळा कायदा जाऊन २००२ साली बळकट कायदा आला, आणि २००५ च्या १२ ऑक्टोबरपासून सबंध देशाला असा अधिकार मिळाला. राजस्थानने तर २०१९ साली जनसूचना पोर्टल उघडून अनेक योजनांची माहिती मागण्यापूर्वीच संगणकावर ठेवली.

कागद मिळाला म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हे. जनसुनावणीला शिक्षा करण्याचा अधिकार नसतो. सरपंचाने लोकांसमक्ष चूक कबूल करून पैसे परत केले, असे काही ठिकाणी घडले. पुष्कळ ठिकाणी सभा उठली आणि फाइल पुन्हा त्याच कचेरीत परतली. माहिती मागणाऱ्यावर हल्ले झाले, काहींचे प्राणही गेले. महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही. माहितीपाठोपाठ परिणाम आला नाही तर माहिती ही नुसती जाळणारी गोष्ट होऊन बसते.

आता पुन्हा बगरूकडे वळू. १९५९ च्या २ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी राजस्थानातील नागौर येथे पंचायत राज्याचे उद्घाटन केले; महाराष्ट्रातही १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. गावातील प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा जन्मजात सभासद. त्याला कोणी निवडावे लागत नाही आणि कोणी काढू शकत नाही. राजस्थानात ग्रामपंचायतीच्या प्रत्येक वॉर्डाची वॉर्डसभाही कायद्याने आहे. या सभा नीट भरत नाहीत, सह्या घरोघर फिरवून गोळा करतात, हे सारे मान्य. तरी कायद्याने एक जागा आणि एक दिवस नेमून दिलेला आहे, जेथे सरपंचाला लोकांसमोर बसावेच लागते. तेथे न जाणे हा लोकांचा आळस होईल. जागा नाही, असे म्हणता येणार नाही.

पण गाव वाढून त्याची नगरपालिका झाली की ग्रामसभा संपते. शहरांसाठी त्याच वर्षी आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या आवश्यक केल्या, त्या तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. २०११ च्या जनगणनेत बगरूची लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास भरली. म्हणजे ग्रामसभेला हे गाव मोठे आणि वॉर्ड समितीला लहान. खेड्यातल्या निरक्षर मजुराला जो प्रश्न विचारण्याची सभा आहे, तो प्रश्न विचारावयास बगरूच्या छिप्याला सभा नाही. त्याने अर्ज करावा, नगरसेवकाच्या घरी जावे, माहिती मागवावी. हे सारे एकेकट्याने करावयाचे. आणि एकेकट्याने विचारलेल्या प्रश्नाला वही उघडत नाही, हे कोटकिरान्याने दाखवूनच दिले आहे.

हा काही एकट्या राजस्थानचा दोष नाही. महाराष्ट्राने २०१४-१५ च्या सुमारास तालुक्यांच्या कितीतरी गावांतील ग्रामपंचायती मोडून नगरपंचायती केल्या. गावाचा मान वाढला, अनुदान वाढले, आणि ग्रामसभा गेली. ती गेल्याचे कोणी बोलून दाखविल्याचे मला आठवत नाही. शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद राज्याने २००९ साली कायद्यात केली होती. ती बहुतांशी कागदावरच राहिली. त्यावर कळस असा की, निवडून आलेले सभागृहच काही वर्षे नव्हते. मुंबई महानगरपालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक होता. राज्यातील इतर अनेक शहरांची गत हीच. राजस्थानात २०२५ च्या जानेवारीत हजारो पंचायतींची मुदत संपली, तेव्हा निवडणुका पुढे ढकलून मावळत्या सरपंचांनाच प्रशासक नेमण्यात आले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे घटना सांगते. पाच वर्षांतून एकदा येणारा ठप्पासुद्धा वेळेवर हाती येत नाही, तेथे मधल्या काळाच्या हिशेबाची काय कथा!

लहान शहरांत वॉर्डसभा बसवावयास घटना बदलण्याची जरुरी नाही. राज्यांच्या नगरपालिका कायद्यांत दोन-चार कलमे घातली तरी भागेल. वॉर्डाच्या सर्व मतदारांची सभा वर्षातून निदान चारदा. तीत त्या वॉर्डात झालेल्या प्रत्येक कामाची नोंद, कंत्राटदाराचे नाव, रक्कम व मोजमाप यांसह मोठ्याने वाचावयाची. नगरसेवक व मुख्याधिकारी हजर. पाणी, रस्ता, प्रदूषण या बाहेरच्या खात्यांच्या कनिष्ठ अधिकाऱ्यांनाही बोलावणे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवावयाचे ते लोकांदेखत दाखवावे लागेल. सभेने नाकारलेल्या कामाचे उरलेले देयक चौकशी होईपर्यंत थांबावे. आणि सभा सलग दोनदा घेतलीच नाही तर मग खुर्चीचा प्रश्न मतदारांच्या सह्यांनी उभा राहावा, नगरसेवकांच्या नव्हे. यातील शेवटच्या कलमाला सर्वांत अधिक विरोध होईल, आणि पहिल्या कलमाला कोणीही विरोध न करता ते कधीच पाळले जाणार नाही, अशी मला भीती आहे. कारण हिशेब वाचणे हे भाषण करण्यापेक्षा कंटाळवाणे काम आहे, आणि ते ऐकणे त्याहूनही कंटाळवाणे. कोटकिरान्याच्या मजुरांना कंटाळा आला नाही याचे कारण त्या वहीत त्यांची स्वतःची मजुरी होती. शहरातल्या माणसाचा पैसा करांतून, आकारांतून, जिनसांच्या किमतींतून इतक्या वाटांनी जातो की तो आपलाच आहे याचा त्याला विसर पडतो.

महाराष्ट्रातील खेड्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याचा प्रघात आहे. ज्या गावांची नगरपंचायत झाली तेथेही त्या दिवशी झेंडा लागतो, मुले गाणी म्हणतात, खाऊ वाटला जातो. मग सारे घरी जातात. पूर्वी यानंतर चावडीपुढे सतरंजी अंथरीत असत.